दवाखान्याची शाळा आणि गावची सेविका

ह्या पाठात आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहो. इस्पितळाचे काम कोठे संपते? रोगी दाराशी आला, त्यास औषध दिले, तो बरा होऊन घरी गेला, म्हणजे इस्पितळाने आपले कर्तव्य केले असे बहुतेक लोक समजतात, आणि पुष्कळ डॉक्टरही तसेच समजतात. परंतु आमच्या देशातील काही इस्पितळांस फार पूर्वीच कळून चुकले की एवढ्याने भागत नाही. त्यांनी औषधांच्या कपाटाशेजारी फळा टांगला, आणि ज्या लोकांची सेवा करावयाची त्यांच्यातूनच सेवा करणारे तयार करण्यास आरंभ केला. ते काम कसे झाले, कोठे अडले आणि त्यातून आपल्या खेड्यांनी काय घ्यावे, हे आता पाहू.

प्रथम एक साधा दाखला घेऊ. उन्हाळा संपून पहिला पाऊस पडतो, ओढ्याचे गढूळ पाणी विहिरीत उतरते, आणि वस्तीतील लहान मुलांस जुलाब सुरू होतात. आई मुलाचे पाणी तोडते, कारण पाणी दिले तर जुलाब वाढतील असे तिच्या सासूने तिला सांगितलेले असते, व सासूस तिच्या सासूने. तिसऱ्या दिवशी मुलाचे डोळे खोल जातात, तेव्हा बाप त्याला खांद्यावर घेऊन तालुक्याची वाट धरतो. इस्पितळ गाठले तर शिरेतून सलाइन मिळते व मूल वाचते. मग ते त्याच घरी, त्याच विहिरीच्या पाण्यावर परत जाते, आणि महिन्याभरात पुन्हा आजारी पडते. इस्पितळ गाठले नाही तर काय होते, ते खेड्यातील म्हाताऱ्या बायांस विचारावे. आता पाहा, ह्या मुलास खरी गरज पहिल्या दिवशी होती. आणि पहिल्या दिवशी त्याच्याजवळ डॉक्टर नव्हता, आई होती व शेजारीण होती. डॉक्टराच्या ज्ञानातील एवढासा तुकडा त्या शेजारणीजवळ असता तर पुढचा सारा प्रवास टळला असता. तो तुकडा तिच्यापर्यंत पोहोचवावयाचा कोणी व कसा, हाच आमच्या पाठाचा विषय आहे.

मिरजेचे इस्पितळ आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचे आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनाचे डॉक्टर विल्यम वानलेस हे १८८९ साली ह्या देशात आले, व १८९४ साली मिरजेस त्यांचे इस्पितळ उघडले. शस्त्रक्रियेसाठी तेथे लांबलांबचे रोगी येऊ लागले. परंतु डॉक्टर कितीही कुशल असला तरी त्याचे हात दोनच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो ह्याने त्यास काय सल्ला दिला, तो निर्गमाच्या अठराव्या अध्यायात आहे. उपदेशक बंधूंनी तो ह्या ठिकाणी काढून वाचावा. वानलेस ह्यांनी तीच वाट धरली. १८९७ साली, म्हणजे इस्पितळ उघडल्यावर तिसऱ्याच वर्षी, त्यांनी येथील तरुणांस वैद्यकी शिकविण्याची शाळा काढली. इमारती, यंत्रे व पैसा समुद्रापलीकडून आणता येतो. पण माणसे येथीलच घडविली पाहिजेत, हे त्या काळी सर्वांस पटलेले नव्हते. मिशनाच्या पैशाने एवढे शिकलेले लोक उद्या स्वतःचा दवाखाना थाटतील, ही शंका असे कार्य करणाऱ्या प्रत्येकास ऐकावी लागते. काही थाटतातही. त्यात आम्हांस मोठेसे वाईट दिसत नाही, कारण त्यांचा दवाखानाही कोणत्या तरी गावातच असतो.

ह्या मिरजेच्याच गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. १९६२ साली महाराष्ट्र सरकारने मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले, तेव्हा विद्यार्थ्यांस रोग्यांच्या खाटेपाशी शिकविण्यासाठी वानलेस इस्पितळाचा उपयोग करण्यात आला. सरकारचे महाविद्यालय आणि मिशनाचे इस्पितळ अशी ती भागीदारी होती. नवे इस्पितळ उभे राहून भरण्यास वर्षे लागतात, आणि रोग्यांवाचून वैद्यकी शिकविता येत नाही. येथे रोगी, अनुभवी शिक्षक आणि साठ-सत्तर वर्षांची कामाची शिस्त आयती होती. एकाजवळ पाटी व दुसऱ्याजवळ पेन्सिल असता दोघांनी वेगवेगळे बसण्यात काय शहाणपण?

दुसरा धडा दक्षिणेस वेल्लोर येथे झाला. डॉ. आयडा स्कडर ह्यांनी १९०० साली तेथे कामास आरंभ केला व १९०२ साली चाळीस खाटांचे इस्पितळ उभारले. त्यांची हकीकत अनेकांनी ऐकली असेल: तरुणपणी एका रात्री तिघे गृहस्थ, एकामागून एक, अडलेल्या बायकोसाठी स्त्री डॉक्टर शोधीत त्यांच्या वडिलांच्या दारी आले, वडील डॉक्टर होते, परंतु पुरुष होते म्हणून तिघांनी त्यांस नेण्याचे नाकारले, आणि सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मेल्या. ही हकीकत सांगताना लोक बहुधा तेथेच थांबतात. आम्हांस पुढचे अधिक महत्त्वाचे वाटते. डॉक्टर होऊन आल्यावर त्या एकट्याच रोगी पाहत बसल्या नाहीत. १९०९ साली त्यांनी परिचारिकांची शाळा काढली, व १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. त्या शाळेच्या पहिल्या वर्गातील चौदा मुली १९२२ साली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. १९४२ साली तेथे विद्यापीठाच्या पदवीचे शिक्षण सुरू झाले व १९४७ साली पुरुष विद्यार्थ्यांसही प्रवेश मिळाला. ज्या देशात स्त्रीने अक्षर गिरविले तर नवरा मरतो असे म्हणत, तेथे अडल्या स्त्रीपाशी स्त्री डॉक्टर उभी करावयाची तर ती तेथेच घडविली पाहिजे, हे त्या बाईंनी ओळखले.

वेल्लोरची एक रीत आमच्या मंडळ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. निरनिराळ्या प्रांतांतील मंडळ्या व मिशने आपले उमेदवार तेथे पाठवीत. शिकविण्याचे काम महाविद्यालय करी, आणि पदवी मिळाल्यावर त्या तरुण डॉक्टराने ज्यांनी पाठविले त्यांच्या इस्पितळात दोन वर्षे काम करावयाचे, असा करार असे. म्हणजे पाठविणारे, शिकविणारे व वाट पाहणारे असे तिघे त्यात गुंतलेले. दोरीस तीन पेड असले म्हणजे ती सहसा तुटत नाही. ह्या रीतीने कित्येक आडगावच्या इस्पितळांस डॉक्टर मिळाले. परंतु खरे बोलावयाचे तर हीही वाट गावाच्या वेशीपाशी येऊन थांबली. इतकी वर्षे शिकलेला मनुष्य पाचशे वस्तीच्या खेड्यात जन्म काढील अशी आशा धरणे व्यर्थ आहे, आणि त्याबद्दल त्यास दोष देणेही बरे नव्हे. त्याच्या विद्येला शस्त्रक्रियेची खोली लागते, प्रयोगशाळा लागते, सोबती लागतात. त्याचे स्थान इस्पितळात आहे. मग गावात कोण?

ह्या प्रश्नाचे उत्तर वेल्लोरच्याच दोन विद्यार्थ्यांनी आमच्या महाराष्ट्रात शोधून काढले. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी १९५९ साली तेथून पदवी घेऊन निघाले, आणि १९६२ पासून १९६६ पर्यंत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात वडाळा येथील मिशन इस्पितळात होते. तेथे रांगा लागत, दोघेही रात्रंदिवस राबत, आणि तरी त्यांच्या मनास समाधान नसे. कारण तेच तेच रोग घेऊन तीच तीच माणसे परत येत. आलेल्या रोगांतील बहुतेक रोग गावातच टळण्यासारखे होते: जुलाब, भुकेने आलेली दुर्बलता, बाळंतपणातील व्याधी, खरूज, क्षय. पुढे दोघे अमेरिकेस गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि १९७० साली परत येऊन त्याच जिल्ह्याच्या दुष्काळी टोकास, जामखेडास, बसले. त्यांचा आरंभ जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत झाला, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. गव्हाणीत आरंभ झालेले कार्य आम्हांस ठाऊक आहे.

आरंभी त्यांनीही सर्वांसारखीच योजना केली. गावोगावी शिकलेल्या नर्सबाई ठेवावयाच्या ठरल्या. पण ती योजना चालली नाही, आणि का चालली नाही हे पाहण्यासारखे आहे. नर्सबाई तरुण, बहुधा अविवाहित, परगावच्या. परक्या खेड्यात एकटीने राहणे त्यांस धोक्याचे वाटे. गावच्या बायांस त्यांची भाषा कळे, पण त्यांचा विश्वास येईना; जिने स्वतः मूल प्रसविले नाही ती बाळंतपणाचे काय सांगणार, असे बाया म्हणत. तेव्हा असे ठरले की गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, व तिला इस्पितळाने शिकवावे. गावांनी ज्या बाया दिल्या त्या बहुधा मध्यम वयाच्या, लेकुरवाळ्या, पुष्कळशा दलित वा इतर गरीब जातींच्या, काही टाकलेल्या किंवा विधवा, आणि बहुतेक निरक्षर. कोणा शहाण्यास ही निवड पाहून हसू आले असते. वास्तविक ह्या बायांजवळ अशी एक गोष्ट होती जी कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही: त्या सकाळी पाण्यावर, दुपारी शेतात व संध्याकाळी चुलीपाशी गावाबरोबर असत, आणि कोणाच्या घरी काय शिजले नाही हे त्यांस विचारावे लागत नसे.

आता ह्या बायांस शिकविले कसे, हे आम्ही थोडे विस्ताराने सांगतो, कारण सारे मर्म ह्यात आहे. त्या दर आठवड्यास जामखेडास येत, रात्री मुक्काम करीत व दुसऱ्या दिवशी परत जात. लिहिता येत नसल्यामुळे सर्व काही तोंडी. एक विषय घ्यावयाचा, चित्रे दाखवावयाची, गाणे करावयाचे, मग प्रत्येकीने उभे राहून तोच विषय आपल्या शब्दांत सांगावयाचा. डॉक्टर ऐकत बसे. गावी जाऊन तिने ते करून पाहावयाचे, आणि पुढच्या आठवड्यास काय झाले ते सांगावयाचे: कोणी ऐकले, कोणी हुसकून लावले, कोणत्या घरी सासू आडवी आली. त्यावर इतर बाया आपापला अनुभव सांगत. अशा रीतीने डॉक्टर जितके शिकवीत तितक्याच बाया एकमेकींस शिकवीत, आणि डॉक्टर त्यांच्यापासून शिकत. बायांनी सांगितल्यावाचून डॉक्टरांस कसे कळावे की गर्भारशीस मुद्दाम अर्धपोटी ठेवतात, कारण मूल लहान राहिले म्हणजे बाळंतपण सोपे जाईल अशी समजूत आहे? किंवा पहिले पिवळे दूध वाईट म्हणून पिळून टाकतात, व बाळास दोन दिवस गुळाच्या पाण्यावर ठेवतात? ह्या गोष्टी आजारपणाच्या कागदावर लिहिलेल्या नसतात. त्या चुलीपाशी कळतात.

मुक्कामाच्या रात्रीचाही एक धडा होता. निरनिराळ्या जातींच्या बाया एकत्र जेवत व एकाच ठिकाणी झोपत. ज्या बाईस आपल्या गावात दुसरीच्या पाण्यास शिवण्याची सोय नव्हती, तिच्या शेजारी बसून ती दुसरी जेवू लागली. हे एका रात्रीत झाले नाही, व भाषणाने तर मुळीच झाले नाही. पाण्याच्या बाबतीतही आरोळे ह्यांनी अशीच युक्ती केली. दुष्काळात हातपंप बसवावयाचे झाले तेव्हा ते दलित वस्तीत बसविण्याकडे त्यांनी लक्ष दिले, म्हणजे पाणी हवे असेल त्याने तेथे यावे. जातीचा भेद आणि रोगाचा प्रसार ह्यांची सांगड किती घट्ट असते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

ह्या शाळेतील एक धडा आम्ही येथे पूर्ण देतो, म्हणजे तो कसा असे हे कळेल व मंडळीतही शिकविता येईल. धडा जुलाबाचा. एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळावे. चव डोळ्यांतील आसवांहून अधिक खारट लागता कामा नये. लागली तर ते पाणी ओतून नवे करावे. प्रत्येक जुलाबानंतर मुलास हे थोडे थोडे, वाटी-चमच्याने पाजावे. ओकले तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये, जेवणही तोडू नये. साखर का, असे बाया विचारीत. नुसते मिठाचे पाणी आतड्यात शोषले जात नाही. साखर मिठाचा हात धरून त्यास आतड्याच्या भिंतीतून आत नेते, व त्यांच्या मागोमाग पाणी जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तयार पुडी फुकट मिळते, ती मिळाल्यास अधिक चांगले. आणि त्याबरोबर जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्या असे आता डॉक्टर सांगतात. परंतु मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, किंवा जुलाबात रक्त दिसले, तर घरी वेळ न दवडता इस्पितळाची वाट धरावी, आणि वाटेनेही पाणी पाजीत राहावे. धड्याचा हा शेवटचा भाग बायांकडून सर्वांत अधिक वेळा म्हणवून घेत.

ह्या धड्यातील ज्ञान घरच्या माणसांच्या हाती दिले म्हणजे काय होते, ह्याचा पुरावा १९७१ साली बंगालच्या सीमेवर मिळाला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती, आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले, व ते रोग्यांच्या नातेवाइकांनीच त्यांस पाजावे असे केले. शंभरांत सुमारे तीस मरत होते, ते प्रमाण चारांच्या खाली आले. त्या नातेवाइकांत एकही शिकलेला वैद्य नव्हता.

जामखेडच्या सेविका एवढ्यावर थांबल्या नाहीत. मुलांची वजने करणे, गर्भारशीस लोहाच्या गोळ्या देणे व धनुर्वाताच्या सुईसाठी आणणे, बाळंतपणात हात साबणाने धुऊन नवे पाते व उकळलेला दोरा वापरणे, अंगावरच्या सुन्न चट्ट्यावरून महारोग ओळखणे, लांबलेल्या खोकल्यावरून क्षयाचा संशय घेणे, ही सारी कामे त्या शिकल्या. पूर्वी नाळ विळ्याने कापून तीवर राख किंवा शेण लावीत व त्यापायी किती बाळे धनुर्वाताने जात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस नव्या पात्याची किंमत कळेल. महारोग्यांस निराळे न ठेवता इतर रोग्यांबरोबरच तपासण्याची रीत तेथे पाडण्यात आली, आणि त्यामुळे लोक चट्टा लपविण्याचे सोडून दाखवू लागले.

परिणाम आकड्यांत सांगावयाचा तर १९७१ साली त्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत मरत. १९७६ साली हा आकडा ५२ वर आला. पाच वर्षे! हे एकट्या सेविकांनी केले असे म्हणणे योग्य नव्हे. विहिरी झाल्या, लेकरांस अन्न मिळाले, गावचे तरुण शेतकरी व महिला मंडळे उभी राहिली, आणि पाठीमागे इस्पितळ होते. परंतु हे सारे घराघरांत नेऊन पोहोचविणारा हात सेविकेचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी चालविलेल्या आरोग्यकार्यांवर एक ग्रंथ काढला, त्यात जामखेडची हकीकत घेतली. आणि १९७९ साली दोघा डॉक्टरांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई १९९९ साली व रजनीकांत २०११ साली वारले.

आता कोणी म्हणेल, अर्धवट ज्ञान घातक असते. निरक्षर बाईच्या हाती औषधे देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. गावोगावी सुया टोचीत फिरणारे वैदू आम्ही पाहिले आहेत, व त्यांच्यापायी काय होते तेही पाहिले आहे. पण सेविका व असा वैदू ह्यांत भेद कोठे आहे तो पाहावा. वैदूच्या मागे कोणी नसते. चुकले तर विचारणारा नाही, अडले तर सांगणारा नाही. म्हणून तो अडलेले कबूल करीत नाही. सेविकेस मात्र आपली मर्यादा पाठ असते, कारण ती दर आठवड्यास म्हणवून घेतली जाते. आणि मर्यादेपलीकडचा रोगी कोणाकडे पाठवावयाचा हे ठरलेले असते. शिवाय इस्पितळाची मंडळी, डॉक्टर, नर्सबाई व समाजसेवक, गावी फेरी करून तिचे काम पाहतात, आणि गावासमक्ष तिचा मान राखतात. ह्या मानाचे महत्त्व थोडे नाही. डॉक्टराने गावात येऊन पाटलाच्या ओसरीवर बसण्यापूर्वी सेविकेच्या खोपटात चहा घेतला, तर दुसऱ्या दिवसापासून तिचे म्हणणे पाटलाच्या घरीही ऐकतात.

म्हणून शिक्षणाची भागीदारी म्हणतात ती एकदा वर्ग भरवून प्रमाणपत्र वाटल्याने होत नाही. ह्याचा दाखला सरकारच्याच एका योजनेत आहे. १९७७ साली केंद्र सरकारने देशभर गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याचे ठरविले. हेतू उत्तम होता. परंतु नेमलेले बहुधा पुरुष होते, पुष्कळ ठिकाणी निवड वजनदार लोकांच्या मर्जीने झाली, आणि शिक्षण तीन महिन्यांचे, एकदाच. त्यानंतर त्यांची दर आठवड्याची शाळा कोण घेणार? कोणी घेतली नाही. पुरुषास बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश नाही, आणि तीन महिन्यांचे शिक्षण पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. काही वर्षांत ती योजना नावाला उरली. बाहेरचे सोंग घेतले, आतला जीव राहून गेला.

ह्याच्या उलट उदाहरण गडचिरोलीचे. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली आपल्या संस्थेचे काम सुरू केले. त्यांनी ३९ गावांत प्रत्येकी एक आरोग्यदूत बाई शिकवून तयार केली. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे वजन कसे करावे, त्यास ऊब कशी द्यावी, श्वास कसे मोजावे, आणि जंतूंची बाधा ओळखून सुई कशी द्यावी, इतके सारे तिला शिकविले. सुई देण्याविषयी तज्ज्ञांस धास्ती होती. तरी त्या बायांच्या कामावर सतत देखरेख ठेवून जो हिशेब १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला, त्यात नवजात बालकांचे मृत्यू इतर गावांच्या मानाने शेकडा ६२ नी घटलेले दिसले. पुढे सरकारने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात दर हजार वस्तीमागे एक ‘आशा’ नेमण्याचे ठरविले. ती बाई असावी, त्याच गावची असावी, हे ह्या वेळी नियमातच घातले गेले.

एका बाबतीत आमचे मत जामखेडच्या रीतीहून थोडे वेगळे आहे. तेथे सेविकेने पगारासाठी नव्हे तर सेवेसाठी काम करावे, व पोटासाठी शेळ्या, बांगड्यांचा धंदा असे काही करावे, त्यास संस्थेने साह्य द्यावे, अशी रीत पडली. त्यातून बायांस स्वावलंबन आले हे खरे. तथापि गावाने तिला रात्री-अपरात्री उठवावे आणि कामाचे मोल मात्र देवाने द्यावे असे म्हणावे, हे आम्हांस पटत नाही. डॉक्टरास पगार आहे, नर्सबाईस आहे, गाडी हाकणाऱ्यास आहे. सर्वांत गरीब जी आहे तिनेच तेवढे फुकट का राबावे? ‘आशा’ बायांसही जो मोबदला मिळतो तो नियमित वेतन म्हणून नव्हे, आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

उपदेशक बंधूंनो, आता तुमच्या गावापुरते बोलू. तुमच्या मंडळीतील हुशार मुलीस नर्सिंगच्या शाळेत पाठवावयाचे असेल तर जरूर पाठवा, व ज्या इस्पितळाशी ती शाळा जोडलेली आहे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा: खर्चाचा वाटा कोण उचलील, शिक्षण संपल्यावर ती कोठे किती वर्षे काम करील, आणि सुटीत तिला गावच्या कामाशी ओळख कशी राहील. तोंडी बोलण्यावर विसंबू नका, कागद करून घ्या. परंतु मुलगी शिकून येईपर्यंत चार वर्षे जातील. तोपर्यंत गावात जी बाई आहे तिचे काय? बहुतेक गावांत आता एक आशा आहेच. ती तुमच्या मंडळीची असेल वा नसेल. मुलाच्या जुलाबास मंडळी कळत नाही. तिच्याविरुद्ध दुसरी सेविका उभी करण्याच्या भरीस पडू नका. ती काय शिकली आहे ते तिला विचारा, आणि उपासनेनंतर किंवा महिला सभेत तिला बोलावून एक-एक विषय बायांस सांगावयास लावा. ती भीत असेल तर जुलाबाचा धडा आधी द्यावा. तो सोपा आहे, आणि पावसाळ्यात त्याची प्रचीती लगेच येते. तिने सांगितल्यावर दोघीतिघींस उभे करून तोच धडा पुन्हा म्हणवून घ्यावा, म्हणजे कोणाच्या मनात काय चुकीचे बसले ते तेथल्या तेथे कळेल.

जवळ मिशनाचे किंवा दुसरे कोणतेही चांगले इस्पितळ असेल, तर पंचांपैकी दोघांनी व आशाबाईने मिळून तेथील मुख्य नर्सबाईस भेटावे. देणगी मागावयास जाऊ नये. महिन्यातून एक दिवस आसपासच्या पाचसहा गावांच्या बायांस तेथे बसवून शिकवाल काय, एवढेच विचारावे; आणि रोगी पाठविताना सेविकेने दिलेली चिठ्ठी दारावर वाचली जाईल, व रोगी परत पाठविताना पुढे काय करावयाचे ते तिला कळविले जाईल, एवढे कबूल करून घ्यावे. चिठ्ठीची ही रीत क्षुल्लक वाटेल. पण ज्या सेविकेने पाठविलेला रोगी दारावरूनच परत येतो, तिच्याकडे पुढच्या वेळी कोणी जात नाही.

आशाबाईस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बैठकीस जावे लागते. त्या दिवशी तिची मजुरी बुडते, मुले घरी एकटी राहतात, शेळ्या बांधलेल्या राहतात, आणि म्हणून पुष्कळ जणी बैठक अर्धी टाकून एस.टी.च्या वेळेस पळत सुटतात. बैठकीचा दिवस कोणता हे आधी विचारून घ्यावे, व त्या दिवशी तिच्या मुलांस भाकरी कोणी घालावी आणि शेळ्या कोणी चाराव्या, ते येत्या रविवारी बायांनी आपसांत ठरवून टाकावे.